पुढचं लॉक पाहिजे का?

अंबरनाथ (पूर्व)
४ फेब्रुवारी १९९५

प्रिय धाकलू,

सप्रेम जयभीम. वेणूबाईंच्या अक्षरातलं तुझं पत्र परवा हाती आलं, तुझा रामराम पोचला. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीची गुडघ्यांवरून कुरकुर चालू असते, पण पायऱ्या चढायची ती काही सोडत नाही. वेणूबाई बालवाडीच्या ओट्यावर बसून पत्र मोठ्याने वाचतात आणि निम्मी वाडी ऐकायला जमते, हे मला ठाऊक आहे. जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. तुझ्या भावजयीला, तानीबाईलाही सांगा.

आता तुझा प्रश्न. आरोग्य मंडळाला दुसरी जीप मिळते आहे, ती पावसाळ्याच्या आत तयार करून वाडीपर्यंत चढवायची आहे, आणि पुढच्या एक्सलला लॉक बसवायचं की नाही यावर मंडळींचा घोळ चालला आहे. तू लिहितोस, "लॉक बसलं तर कुनीबी डायवर चालंल म्हनतात. नाय बसलं तर वाटंचा मानूस पायजे, म्हंजे मी. तुमी काय म्हनता?"

खरं सांगू? लॉक या शब्दाचाच मला वीट आलाय. उल्हासनगरात गेल्या दोन-तीन वर्षांत काय साथ आली आहे ते तू बघायला हवंस. कॅम्पातली पोरं लिलावातल्या जुन्या जीप आणतात, टपावर सहा दिवे, पुढे हाताएवढ्या जाड नळ्यांची जाळी, मागे गाणी वाजवायचे डबे, आणि गॅरेजच्या दारात हॉर्न मारत विचारतात, "मिस्त्री, फ्रंट लॉक डालना है." कुठे जाणार? बदलापूरला कोणाच्या तरी फार्महाऊसवर, डांबरी रस्त्याने, कोंबडी खायला. परवा एकाला विचारलं, चिखलात गाडी कधी घातली आहेस का? तर म्हणाला, "अंकल, गंदी हो जाएगी." मी त्याला बाहेर काढला. गॅरेजमागचा नाला त्या दिवशी जांभळा वाहत होता, कुठल्या तरी रंगाचा, आणि त्याची दुर्गंधी सहन करणं मला त्या पोरापेक्षा सोपं वाटलं.

तर माझं उत्तर: पुढचं लॉक नको.

कारणही ऐक, मंडळाला सांगता येईल. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. दोघांना हवं तसं फिरू देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. तिचा दोष एवढाच की एक चाक चिखलात घसरलं की सगळी ताकद त्याच घसरणाऱ्या चाकाला जाते आणि दुसरं गप्प बसतं. लॉक म्हणजे दोन्ही चाकांना एकाच दांडीने बांधणं. मग गाडी चिखलातून निघते, पण बांधलेली चाकं वळायला तयार नसतात. हे मागे असेल तर चालतं, कारण वळायचं काम मागच्या चाकांचं नाही. पुढच्यांचं आहे. चढावर, एक चाक हवेत असताना, समोर सरळ वाट असेल तर पुढच्या लॉकचा थोडा उपयोग. तुमच्या वाटेवर तसं ठिकाण एकच आहे, आणि तिथे चार माणसं उतरून ढकलली की झालं. उतरताना ते लॉक वैरी आहे.

मागच्या एक्सलला लॉक, चांगले टायर, चाकांना बांधायला साखळ्या, आणि वाट ओळखणारा माणूस. एवढं पुरे. हे माझं मत म्हणून कळव.

जुन्या गाडीबद्दल तू जे दोन ओळींत विचारलं आहेस त्याबद्दल काय लिहू. बारकूला जाऊन येत्या गौरीला नऊ वर्षं होतील. तुला होता तसा भाऊ कोणाला मिळत नाही. त्या गोष्टी उकरून काही हाती लागणार नाही.

तब्येत सांभाळ. मनगट थंडीत अजून दुखतं का ते लिही.

तुझा,
सुदामदादा


अंबरनाथ (पूर्व)
२१ फेब्रुवारी १९९५

प्रिय धाकलू,

जयभीम. पत्र मिळालं. तू मंडळाच्या सभेत माझं मत सांगितलंस आणि सगळे हसले, हे वाचून माझं डोकं फिरलं. "पैल्या गाडीला सुदाम मिस्त्रीनंच लॉक लावलं व्हतं, आता तोच नको म्हनतो, म्हंजे म्हातारपन आलं," असं म्हणाले म्हणे. म्हणोत. खुर्चीवर बसून भजी खात एक्सलवर चर्चा करणारी माणसं. यांतल्या एकाने तरी ती वाट पायी चढली आहे का? एकाच्या तरी नखात कधी ग्रीस गेलं आहे का? मला अशा सभांची शिसारी येते.

पण पुढे तू स्वतः जे विचारलं आहेस ते जास्त लागलं. "दादा, वाट तीच, उतार तोच, वळान तेच. तवा पायजे व्हतं, मंग आता नको कसं?"

त्याचं उत्तर असं की, तेव्हा ते मला नको होतं. मंडळाचे चिटणीस हेमचंद्र दिघे, बदलापूर गावातले, त्यांना हवं होतं. त्यांनी कुठल्या तरी इंग्रजी मासिकात फोटो पाहिला होता. मोठ्या माणसाला नाही कोण म्हणणार? मी हुकमाचा ताबेदार, सांगितलं ते केलं. शिवाय त्या लॉकचे दाते मी कापले नव्हते, कॅम्प चारमधल्या टोपणदासने लेथवर कापले होते. दोष जो काही असेल तो आम्हा तिघांत वाटून टाक.

आणि त्या अपघाताचा लॉकशी संबंध आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस.

पत्राच्या कडेला वेणूबाईंनी बारीक अक्षरात स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या तुला वाचून दाखवल्या नसाव्यात. त्या लिहितात, "धाकलू आठवड्यातून एकदा तरी त्या वळणावर जाऊन उभा राहतो आणि रिकाम्या हातांनी स्टेअरिंग फिरवतो. कधी लवकर फिरवतो, कधी उशिरा. आपण किती उशीर केला ते शोधतोय म्हणतो. तानी एकाच घरात राहून त्याच्या हातचं पाणी घेत नाही."

हे बंद कर, धाकलू. तिथे जाऊन उभं राहणं बंद कर. लोक वेडा म्हणतील.

जास्त लिहीत नाही. गॅरेजात काम पडलं आहे.

घाईत,
सुदाम


अंबरनाथ (पूर्व)
१२ मार्च १९९५

धाकलू,

हे पत्र पार्सलासोबत येईल. पार्सल आधी उघडू नकोस. वेणूबाईंना विनंती की सगळी वाडी जमल्याशिवाय वाचायला सुरुवात करू नये, आणि तानीबाईला पुढे बसवावं. ती आली नाही तर तिच्या दारात जाऊन वाचावं. माझी लाज राखायला मधलं काही गाळू नये.

मागचं पत्र खोटं होतं. पोस्टात टाकून आलो तेव्हापासून मला माझ्याच हाताची किळस येते आहे. जेवताना घास तोंडाशी नेतो आणि तो हात दिसतो. तुझी वहिनी विचारते काय झालं, मी म्हणतो पित्त.

गेल्या गुरुवारी हेमचंद्र दिघे स्वतः गॅरेजात आले. आता काठी टेकत चालतात. मी स्टूल पुसून दिलं. ते म्हणाले, "अहिरे, तुम्ही लॉक नको म्हणता असं कळलं. मला तांत्रिक काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं, म्हणूनच तुम्हाला विचारलं होतं. नडत असेल तरच बसवा, उगाच नको, असं मी म्हणालो होतो. तुम्ही पाहिजेच म्हणालात. तुमच्या शब्दावर बसवलं. यंदाही तुमच्याच शब्दावर ठरवू. पण आज नको का, ते एकदा सांगा."

चांगला माणूस आहे. मासिक, फोटो, हुकूम, सगळं मी तुला लिहिलं ते माझ्या मनातून काढलं होतं. त्यांनी मला साधा प्रश्न विचारला होता, पुढचं लॉक पाहिजे का? आणि मी तुमची वाट दोनदा चढून उतरून आलो होतो. नको आहे हे मला त्या दिवशीही तेवढंच माहीत होतं जेवढं आज आहे.

मग पाहिजे का म्हणालो? कारण मला ते बनवायचं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात मी अकरा वर्षं झाडू आणि ग्रीस यांच्या पलीकडे गेलो नाही. लेथला हात लावला तर फोरमन म्हणायचा, "ए, तू लांब." नोकरी सोडून गॅरेज काढलं तेव्हापासून मनात एकच होतं, की असं काही करून दाखवायचं जे या पट्ट्यात कोणी केलेलं नाही. पुढच्या एक्सलचं लॉक उल्हासनगरात कोणी केलं नव्हतं. भंगारात मला एका परदेशी मिलिटरी गाडीची दातेरी कडी सापडली होती. ही कडी सरकून डिफरन्शियलमध्ये अडकली की दोन्ही चाकं बांधली जातात. नमुना हातात होता, गिऱ्हाईक नव्हतं. ते दिघे घेऊन आले आणि मी तुमच्या वाटेवर माझी हौस भागवून घेतली. एवढीच गोष्ट आहे. ऐकून ओकारी आली तर येऊ दे.

आता टोपणदासचं ऐक, कारण त्याच्यावरही मी ढकललं होतं.

उल्हासनगरात नमुना दिला की हुबेहूब माल मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचाच तिथे अभिमान. टोपणदासने कडी हातात घेऊन बोटाने दाते चाचपले आणि म्हणाला, "साईं, पुराना माल है. हर दाँत की जड़ में खड्डा पडा है, घिस घिस के. सीधा काटूँ या ऐसा ही?"

म्हणजे त्याने विचारलं होतं, धाकलू. ती खाच म्हणजे झीज होती. वर्षानुवर्षं जोर येऊन येऊन दात्याच्या मुळाशी पडलेली. नव्या कडीला ती नको होती. हे कळायला मिस्त्रीपण लागत नाही, टोपणदासला कळलंच होतं. पण सिंध्याने, तेही माझ्या हाताखालच्या दोन पोरांदेखत, मला शिकवावं हे मला खपलं नाही. मी म्हणालो, "फॉरेनचा माल आहे. त्यांनी विचार करूनच खड्डा ठेवला असेल. जैसा है वैसा बना." त्याने खांदे उडवले आणि तसं बनवलं. नवं कोरं, चकचकीत, आणि प्रत्येक दात्याच्या मुळाशी दुसऱ्याच्या गाडीची झीज.

पावसाळाभर ते चाललं, कारण तू लॉक फारसं वापरतच नव्हतास. तुला गरज नव्हती. गौरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या खालचा चिखल जास्त होता, म्हणून तू लॉक टाकलंस, गाडी बाहेर काढलीस आणि मी शिकवलं होतं तसा लॉकचा दांडा मागे ओढून लॉक काढलंस. दांडा मागे आला. दांड्याला स्प्रिंग होती, तो येणारच. आत कडी मात्र आली नाही. जोराखाली दाते त्या खाचांत बसले ते बसलेच. तुला वाटलं लॉक सुटलं. पुढची दोन्ही चाकं बांधलेलीच होती, आणि तू उताराला लागलास.

बारकू नेहमीसारखा डाव्या फूटबोर्डावर उभा होता, चाक कुठे जातंय ते ओरडून सांगायला. उजव्या वळणावर तू उजवीकडे फिरवलंस आणि गाडी ओल्या खडकावरून सरळ डाव्या दरडीत गेली.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. गाडी ओढून आणल्यावर गॅरेजचं शटर खाली घेऊन मी एकट्याने तो एक्सल उघडला. कडी अडकलेली होती. हाताने हलेना. तिसऱ्या हातोड्याला सुटली. ती मी ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि डबा फळीच्या मागे सरकवला. मग एक्सलला साधं झाकण बसवून मंडळाच्या कागदावर सही केली, 'गाडीत कोणताही दोष आढळला नाही.' अक्षर किती वळणदार आलं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

अजून एक आहे. हेही त्या दिवशी दिघ्यांच्या तोंडून ऐकलं. ते उठता उठता म्हणाले, "धाकलूला गाडी द्यायला सभासद तयार होत नाहीत. पिऊन चालवत होता हे तुम्हीच तर सांगितलं होतंत."

नऊ वर्षं तुला वाटत आलं की वाडीतल्या कोणीतरी तुझ्यावर ते बालंट आणलं. गौरीचा सण होता, सगळी वाडी प्यायली होती, म्हणून कोणी बोललं असेल, असं धरून तू चाललास. कोणी तोंड उघडलं नव्हतं. सभेत मला विचारलं, दोष गाडीत नाही तर मग झालं कसं? आणि मी म्हणालो, "वास येत होता." तीन शब्द. त्यानंतर कोणी एक्सलबद्दल काही विचारलं नाही.

वास येत नव्हता. मी दुपारी पोचलो तेव्हा तू दरडीपाशी बसला होतास, बारकूचं डोकं मांडीवर. मला बघून तू गळ्यात पडलास, तुझं तोंड माझ्या तोंडाला लागलं होतं. घामाचा वास होता, चिखलाचा होता. दारूचा नव्हता. माझ्याएवढं ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि मीच ते बोललो.

या नऊ वर्षांत मी तुला दर दिवाळीला पत्र टाकत आलो. तब्येत सांभाळ, मनगट कसं आहे. वाडीवाले म्हणत असतील, केवढा जीव लावतो मिस्त्री. त्या प्रत्येक पत्राची आज मला घाण वाटते. जमलं तर सगळी चुलीत घाल.

दिघ्यांना मी हे सगळं काल बदलापुरात त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं, सही केली, जुन्या कागदावरच्या सहीसारखीच. पुढच्या रविवारी सभा आहे. तिथे मी उभा राहून पुन्हा सांगणार आहे, आणि तेव्हा तू समोर असावंस असं मला वाटतं. पोलिसांकडे जायचं का ते तू आणि तानीबाई ठरवा. जा म्हणालात तर मी आधी जाऊन उभा राहीन. गाडी पुढच्या लॉकशिवाय तयार होईल, ते काम दुसरा मिस्त्री करतो आहे, मी हात लावणार नाही. तिच्या स्टेअरिंगवर तू बसावंस असं दिघे म्हणतात. बसायचं की नाही हा तुझा प्रश्न. मला त्यात मत नाही.

आता पार्सल उघड. कडी ग्रीस पुसून पाठवली आहे. दात्यांच्या मुळाशी बोट घाल, खाच लागेल. मग ती तानीबाईच्या हातात दे, तिलाही चाचपू दे. ती काय बोलेल ते मला कळवायची गरज नाही, आणि माफी हा शब्द मी या पत्रात मुद्दाम लिहिलेला नाही. तो मागायचं तोंड मला नाही.

वेणूबाई, यापुढची ओळ दोनदा वाचा, आणि मागे बसलेल्यांना ऐकू जाईल अशी वाचा.

धाकलूने स्टेअरिंग वेळेवर फिरवलं होतं.

सुदाम मारुती अहिरे,
लॉक पाहिजे म्हणणारा मिस्त्री